गुणाकार करण्याआधी

पालकहो,

अकरावीची पहिली चाचणी झाली की तुमच्यापैकी बरेच जण स्टाफरूमच्या दाराशी एकच तक्रार घेऊन येता. “मॅडम, बाकी गणित चांगलं आहे हो त्याचं, ह्या प्रोबॅबिलिटीतच काय होतं कळत नाही. सूत्रं पाठ आहेत, तरी उत्तर चुकतं.” तक्रार खरी आहे. या धड्यातली आकडेमोड सहावी-सातवीच्या अपूर्णांकांपलीकडे क्वचितच जाते. चूक होते ती पेन कागदाला टेकण्याआधी, प्रश्न वाचताना. आणि राग मानू नका, पण तशी वाचण्याची सवय मुलं वर्गात कमी आणि घरात जास्त उचलतात. आपण जेवताना, बातम्या बघताना, नातेवाइकांशी बोलताना संभाव्यतेची वाक्यं बोलतच असतो, आणि त्यातली निम्मीशिम्मी उलटी बोलतो. म्हणून आज मुलांशी नाही, तुमच्याशी बोलायचं आहे.

दहावीची संभाव्यता सोपी होती. नाणं, फासा, बावन्न पत्ते. एकूण निष्पत्ती किती, त्यातल्या आपल्या कामाच्या किती, भागाकार केला की संपलं. खालचा आकडा, म्हणजे एकूण, शेवटपर्यंत जागचा हलत नाही. राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात आणि सीबीएसईच्या बारावीच्या पुस्तकात सशर्त संभाव्यता येते, आणि नेमका हा खालचा आकडाच हलायला लागतो. फासा टाकला आणि वाटीखाली झाकला. सहा पडला असण्याची संभाव्यता १/६. कुणीतरी वाटी किलकिली करून सांगितलं, “सम आहे.” फासा तोच, पडूनही गेलेला, पण आता शक्यता उरल्या तीनच: २, ४, ६. संभाव्यता झाली १/३. माहिती आली आणि एकूण आकसलं, सशर्त संभाव्यतेत याहून गूढ काही नाही. आता समजा माहिती आली, एकूण बदललं, तरी उत्तर होतं तेच राहिलं. तर त्या दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र. मुलं हे दोन वेगळे मुद्दे म्हणून पाठ करतात. एकच प्रश्न विचारायचा असतो: कळल्यावर काही बदललं का?

बहुतेक मुलं पहिल्यांदा घसरतात ती दिशा चुकल्यामुळे. सूत्रात दोन घटना असतात आणि मधे एक उभी रेघ. कोणती घटना रेघेच्या अलीकडे आणि कोणती पलीकडे, याचं मुलांना फारसं अगत्य नसतं. “अमुक असताना तमुक” आणि “तमुक असताना अमुक” हे त्यांना एकच वाटतं. आपल्यालाही वाटतं. निकालानंतर चौकाचौकांत जे फ्लेक्स लागतात, त्यांचा सगळा संसार या गफलतीवर उभा आहे.

समजा, एका शहरात प्रवेश परीक्षेला ५,००० मुलं बसली. एका मोठ्या क्लासचा फ्लेक्स सांगतो: शहरातल्या पहिल्या ५० पैकी ४० आमचे! वाचणारा दबून जातो. ८० टक्के! दुसऱ्या दिवशी फीचा पहिला हप्ता भरला जातो. पण फ्लेक्सवर न लिहिलेली एक गोष्ट अशी की त्या ५,००० पैकी ४,००० मुलं त्याच क्लासला जात होती. आता मोजू या. क्लासच्या ४,००० पैकी ४० वर आले, म्हणजे १ टक्का. क्लास न लावलेल्या १,००० पैकी उरलेले १० वर आले, तेही १ टक्का. सगळं शहर मिळून ५,००० पैकी ५०, पुन्हा १ टक्का. तुमच्या मुलीने हा क्लास लावला हे कळल्यावर तिची संभाव्यता तसूभरही हलली नाही. क्लास लावणं आणि पहिल्या पन्नासांत येणं या इथे अगदी पाठ्यपुस्तकी अर्थाने स्वतंत्र घटना आहेत. आणि तरीही ८० टक्के हा आकडा खरा आहे. तो फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे: वर आलेल्यांपैकी क्लासचे किती? तुम्हाला विचारायचं होतं, क्लासच्यांपैकी वर आलेले किती?

हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्यक्षात एखाद्या क्लासचा टक्का बाहेरच्यांपेक्षा जास्तही निघेल. तेव्हा पुढचा प्रश्न येतो, की क्लासने आधी चाळणी परीक्षा घेऊन हुशार मुलंच निवडली होती का? क्लासवाल्यांवर माझा राग नाही, माझे काही चांगले सहकारी तिथे शिकवतात. पण फी भरण्याआधी “तुमच्याकडे एकूण मुलं किती होती?” एवढं काउंटरवर विचारा, आणि मुलाला सोबत घेऊन विचारा. सशर्त संभाव्यतेचा त्याहून चांगला तास मला वर्गात घेता येणार नाही.

वरचं उदाहरण मी टक्क्यांत न सांगता माणसांत सांगितलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते मुद्दाम केलं. गर्ड गिगेरेन्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने उलरिख हॉफ्राग यांच्याबरोबर १९९५ मध्ये दाखवून दिलं, की हेच प्रश्न टक्के किंवा दशांश अपूर्णांकांऐवजी “हजारांपैकी इतके, त्यातले इतके” अशा मोजणीत विचारले तर बरोबर उत्तरं देणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढतं. तुमचं मूल बेज़च्या प्रमेयाशी, म्हणजे “अमुक असताना तमुक” वरून “तमुक असताना अमुक” काढणाऱ्या सूत्राशी, झटापट करत बसलं असेल तर त्याला सूत्र बाजूला ठेवायला सांगा. हजार माणसं घ्यायची, दोन गटांत वाटायची, प्रत्येक गट पुन्हा दोनात. चार आकडे कागदावर आले की प्रमेय आपोआप दिसतं. मुलं म्हणतील, परीक्षेत असं चालणार नाही. चालतं. तक्ता मांडून, पायऱ्या दाखवून आलेलं उत्तर गणितच असतं.

आता स्वतंत्र घटनांकडे येते. इथे मुलांचा (आणि आपलाही) समज असा, की ज्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध वाटत नाही त्या स्वतंत्र. वाटण्यावर इथे काही ठरत नाही. पत्त्यांचा कॅट काढा. एक पान ओढलं. ते राजा असण्याची संभाव्यता ५२ पैकी ४, म्हणजे १/१३. पान इस्पिकचं आहे असं कळलं तर १३ पैकी १, तेही १/१३. राजा असणं आणि इस्पिक असणं स्वतंत्र. मुलं मान डोलावतात, यात काय मोठंसं. पण घरातल्या कॅटमधलं एखादं पान हरवलेलंच असतं आणि बदाम सात खेळताना जोकरवर पेनाने लिहून भागवलेलं असतं. तो लिहिलेला जोकर बाजूला काढा. समजा बदामाची दुर्री हरवली आहे. आता पानं ५१. राजा असण्याची संभाव्यता ४/५१. इस्पिक आहे हे कळल्यावर मात्र अजूनही १/१३. आकडे जुळत नाहीत, म्हणजे राजा आणि इस्पिक आता स्वतंत्र राहिले नाहीत. हरवलेलं पान ना राजा होतं, ना इस्पिक! हे मी वर्गात सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरचीही वही उघडतात. स्वातंत्र्य हा त्या दोन घटनांचा स्वभाव नाही. सगळ्या मांडणीत आकडे तसे जुळून आलेले असतात, आणि ते जुळतात की नाही हे तपासावं लागतं.

जाता जाता एक परीक्षेपुरतं. एकाच वेळी घडू न शकणाऱ्या घटना आणि स्वतंत्र घटना यांची मुलं हमखास गल्लत करतात. एक घडली की दुसरी घडूच शकत नाही, म्हणजे “त्यांचा संबंध नाही, म्हणून स्वतंत्र” असा तर्क चालवतात. अहो, एक घडल्याचं कळताच दुसरीची संभाव्यता थेट शून्य होते, याहून घट्ट संबंध कोणता?

आता जरा अवघड विषय काढते, पण आपल्या विदर्भात तो टाळून चालत नाही. सिकलसेल. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, तिकडे नंदुरबार, इथल्या अनेक घरांना हा शब्द परका नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला या आजाराच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, उद्दिष्ट २०४७ चं. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतः ठणठणीत पण प्रत्येकाकडे जनुकाची एक प्रत सदोष असेल, तर मुलाच्या वाट्याला चार शक्यता सारख्या संभाव्यतेने येतात. एकीत मूल आजारी, दोनींत वाहक, एकीत पूर्ण मुक्त. म्हणून मूल आजारी असण्याची संभाव्यता १/४.

पहिलं मूल आजारी निघालं की नातेवाईक धीर देतात, “चारात एक म्हणाले ना डॉक्टर? ते झालं. आता पुढची सुखरूप.” भावना चांगली, गणित घातक. दुसऱ्या गर्भाला पहिल्याचा हिशेब माहीत नसतो. दर वेळी १/४ च. “दोन मुली झाल्या, आता मुलगाच” हे आपल्या घरांत अजून ऐकू येणारं वाक्यही त्याच जातीचं, आणि त्या वाक्यापायी या राज्यात काय काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. १९८८ मध्ये गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राला देशात सर्वांत आधी करावा लागला, तो काही उगीच नाही.

त्याच घरातला दुसरा प्रश्न बघा. आजारी मुलाचा भाऊ मोठा झाला, तब्येत उत्तम, सिकलसेल नाही हे पक्कं माहीत. लग्नाची बोलणी सुरू आहेत. तो वाहक असण्याची संभाव्यता किती? चारांपैकी दोन, म्हणजे निम्मी, असं जवळजवळ सगळा वर्ग सांगतो. पण तो आजारी नाही हे आपल्याला आधीच कळलेलं आहे. चारांतली एक शक्यता त्या माहितीने कापली गेली. उरल्या तीन, त्यांत दोन वाहकाच्या. उत्तर २/३. अर्थात, कुणी २/३ वर लग्न ठरवत नाही. रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी केली की हो किंवा नाही समजतं. पण ती तपासणी करून घ्यावी की “निम्मीच तर शक्यता” म्हणून टाळावी, हे ठरवताना २/३ उपयोगी पडतं.

इथे एक बारकावा आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच अवलंबून आहे. प्रत्येक बाळंतपण स्वतंत्र, असं मी म्हटलं ते आई-वडील दोघेही वाहक आहेत हे माहीत असताना. ते माहीत नसेल तर? समजा जोडप्याची तपासणीच झालेली नाही. दुसऱ्या मुलाला आजार होण्याची संभाव्यता आपण गावाच्या सरासरीने धरतो, अगदी लहान. मग पहिलं मूल आजारी निघतं. त्या क्षणी आई-वडील दोघांकडेही सदोष जनुक आहे हे उघड होतं, आणि दुसऱ्या मुलाची संभाव्यता एकदम १/४ च्या घरात जाते. पहिल्याने दुसऱ्याला काही केलं नाही. दोघांच्या पाठीमागे असलेलं एकच कारण फक्त दिसायला लागलं. अशा वेळी दोन घटना स्वतंत्र धरून गावाच्या सरासरीचा वर्ग करणं चूक आहे.

हीच चूक इंग्लंडमधल्या न्यायालयात झाली. सॅली क्लार्क व्यवसायाने सॉलिसिटर. त्यांचा पहिला मुलगा डिसेंबर १९९६ मध्ये ११ आठवड्यांचा असताना अचानक दगावला. दुसरा जानेवारी १९९८ मध्ये, ८ आठवड्यांचा असताना. आईवर खुनाचा आरोप ठेवला गेला. खटल्यात नामवंत बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्षीत एक आकडा सांगितला. क्लार्क यांच्यासारख्या घरात, म्हणजे जिथे कुणी धूम्रपान करत नाही, उत्पन्न आहे, आई फार लहान वयाची नाही, अशा घरात बाळ झोपेत अकस्मात दगावण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक. दोन बाळं? ८,५४३ गुणिले ८,५४३. सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक. नोव्हेंबर १९९९ मध्ये ज्यूरीने सॅली यांना दोषी ठरवलं, जन्मठेप झाली.

तुमचं मूल अकरावीचा धडा नीट शिकलं असेल तर या गुणाकारापाशी त्याने थांबायला हवं. एकाच आई-बापांची दोन मुलं, एकच रक्त, एकच घर, एकाच छताखालची हवा. पहिलं बाळ असं गेलं, तर त्या घरात काही अज्ञात जनुकीय किंवा अन्य कारण असण्याची शक्यता वाढते, आणि दुसऱ्याचा धोकाही. स्वतंत्र घटना धरायला आधार काय होता? काहीच नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून हे बजावलं.

सोसायटीने दुसरीही चूक दाखवली, आणि ती म्हणजे आपल्या फ्लेक्सवाली. समजा ७ कोटींत एक हा आकडा खराही असता. तो सांगतो, आई निर्दोष असताना दोन्ही बाळं अशी जाण्याची संभाव्यता किती. ऐकणारा मात्र नकळत ऐकतो, दोन्ही बाळं अशी गेलेली असताना आई निर्दोष असण्याची संभाव्यता किती. रेघेच्या अलीकडचं पलीकडे गेलं. आईने पोटच्या दोन बाळांना एकापाठोपाठ मारणं हेही अत्यंत दुर्मीळच आहे. दोन दुर्मीळ गोष्टींपैकी एक घडलेली आहे हे माहीत असताना, त्या दोघींची तुलना करायला हवी. एकीची दुर्मीळता सांगून थांबणं म्हणजे पहिल्या पन्नासांतले चाळीस सांगून थांबण्यासारखंच. जानेवारी २००३ मध्ये दुसऱ्या अपिलात सॅली सुटल्या. मुख्य कारण, धाकट्या बाळाच्या जंतुसंसर्गाबद्दलचे प्रयोगशाळेचे अहवाल बचाव पक्षाला दिलेच गेले नव्हते. पण त्या आकडेवारीबद्दलही न्यायालयाने परखड मत नोंदवलं. मार्च २००७ मध्ये त्या वारल्या, वयाची पन्नाशीही न गाठता.

हे मी मुलांना सांगते ते घाबरवायला नाही. उत्तरपत्रिकेत “घटना स्वतंत्र आहेत” ही ओळ मुलं अशी लिहितात जशी काही ती गुणाकाराची परवानगी आहे. प्रश्नात तसं दिलं असेल तर ठीक. फासे दोन असतील, नाणी वेगवेगळी असतील, पान परत ठेवून पिसलं असेल, तरी ठीक. नाहीतर त्या ओळीपुढे “कारण” लिहायला मी सांगते, आणि कारण लिहिता आलं नाही तर गुणाकारही करू नका म्हणते. घरी अभ्यास घेणाऱ्यांनी “सूत्र लिहिलंस का?” याऐवजी “हे स्वतंत्र कशावरून?” असं विचारलं तर माझं बरंच काम हलकं होईल. उत्तर तुम्हाला येण्याची गरज नाही. कॉमर्स केलेले, गणित दहावीलाच सोडलेले पालक हा प्रश्न सगळ्यात छान विचारतात, कारण त्यांना खरोखरच माहीत नसतं आणि मुलाला समजावून सांगावं लागतं.

शेवटी, या रविवारी मुलासोबत बसून सोडवायला एक कोडं देते. अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन मासिकात मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये ते मांडलं होतं. त्यांच्या दुसऱ्या प्रश्नात मुलगे होते, मी दोन्हींत मुली घेते. एका घरात दोन भावंडं आहेत. मुलगा-मुलगी सारख्याच संभाव्यतेचे धरा. पहिला प्रश्न: थोरली मुलगी आहे, तर दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? दुसरा: दोघांपैकी निदान एक मुलगी आहे, तर दोन्ही मुली असण्याची किती? चारही जोड्या कागदावर लिहून काढा. पहिल्याचं उत्तर १/२ येतं, दुसऱ्याचं १/३. दुसऱ्यावर घरात वाद होईल, होऊ द्या. आणि कुणी म्हणालं, “पण निदान एक मुलगी आहे हे आपल्याला कळलं कसं?” तर त्याला जास्तीचा लाडू. कारण त्या घरी विचारलं की “तुमच्याकडे मुलगी आहे का?” आणि ते हो म्हणाले, तर १/३. पण रस्त्याने जाताना त्या दोघांतलं कुठलंही एक मूल सहज गॅलरीत दिसलं आणि ती मुलगी निघाली, तर १/२. वाक्य तेच, कळण्याची वाट वेगळी, उत्तर वेगळं. आपण मांडलेला प्रश्न संदिग्ध होता हे पुढे गार्डनर यांनीही मान्य केलं.